पैसे दोघांकडेही हवेत

आंब्याच्या शेवटच्या पेट्या वाशीला पोचल्या, दलालांच्या पट्ट्या हातात आल्या, की कोकणातली माणसं कपाटातले पासपोर्ट बाहेर काढतात. हे निरीक्षण टपालाच्या गठ्ठ्यावरून केलेलं आहे. एरवी या पानावर मुदतठेव, वारसनोंद आणि पीकविमा यांची गर्दी असते. या खेपेला व्हिएतनाम, बाली, दुबई आणि युरोप यांनी त्यांना मागे सारलंय. बँकेतली माझी बरीच वर्षं परकीय चलनाच्या काउंटरमागे गेली, म्हणून संपादकांनी ही सगळी पत्रं बांधून रत्नागिरीला माझ्याकडे धाडली. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

देवगडचे एक बागायतदार :
ताई, यंदा आम्ही दोघं आठ दिवस व्हिएतनामला चाललोय. विमान, हॉटेल, सकाळची न्याहारी यांचे पैसे टूरवाल्याला देऊन झालेत. दलालाकडून आलेली तीनेक लाखांची रोकड घरात आहे. तिचे सगळ्याचे डॉलर करून न्यावेत असं मनात आहे. कार्डावर माझा भरवसा नाही. किती नेता येतात आणि अंगावर कुठे ठेवायचे?

उत्तर :
भाऊ, आधी त्या रोकडीचं बघू. रोख रुपये मोजून परकीय चलन घेता येतं ते एका प्रवासासाठी ५०,००० रुपयांपर्यंतच. चलन त्याहून जास्तीचं असेल तर सगळेच पैसे चेकने, कार्डाने किंवा खात्यातून वळते करून द्यावे लागतात. तेव्हा नोटा आधी खात्यात भरा, मग पॅनकार्ड आणि पासपोर्ट घेऊन डॉलर मागा. 'थोडे थोडे करून चार पावत्या फाडू' असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. नियम एका प्रवासाचे सगळे व्यवहार एकत्रच मोजतो.

नोटांच्या रूपात माणशी, एका प्रवासाला, ३,००० डॉलर नेता येतात. इराण, रशिया अशा काही देशांना वेगळे नियम आहेत, त्यांच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. तुम्ही दोघं, म्हणजे ६,०००. पण परवानगी आहे म्हणून तेवढे नेऊ नका. हॉटेल आणि विमान चुकतं झालंय. उरलं काय, तर दुपार-रात्रीचं जेवण, टॅक्सी, एखाद्या होडीचं तिकीट आणि घरच्यांसाठी काहीबाही. माझा हिशेब विचाराल तर दोघांत मिळून चारशे-पाचशे डॉलर रोख, तेवढेच फॉरेक्स कार्डावर (निघण्यापूर्वी परकीय चलन भरून ठेवायचं बँकेचं कार्ड), आणि एक क्रेडिट कार्ड, जे अडीअडचणीशिवाय बाहेर काढायचं नाही. बाकीची पट्टी बँकेत राहू दे. पुढच्या मोहोराला फवारणी आहेच.

कार्डावर भरवसा नाही म्हणता, पण मग नोटेवर कसा बसतो? चोरीला गेलेली नोट दुसऱ्या मिनिटाला चोराची होते. कार्ड गेलं तर ॲपमधून जागच्या जागी बंद करता येतं आणि आतली शिल्लक तुमचीच राहते. फॉरेक्स कार्ड घेताना जोडीचं दुसरं कार्ड मागा, बऱ्याच बँका देतात. ते वहिनींकडे द्या, पिन सांगून. दोन्ही कार्डं तुमच्याच पाकिटात ठेवलीत तर पाकिटाबरोबर दोन्ही जातील. रोख रकमेचंही तेच: निम्मी त्यांच्याकडे, निम्मी तुमच्याकडे, आणि त्या दिवशी लागेल तेवढीच वरच्या खिशात. व्हिएतनामचं डाँग बहुतेक कार्डांवर भरता येत नाही. डॉलरच भरावे लागतात आणि तिथे वापरताना डॉलरचं डाँग होताना थोडी कात्री लागते. ती किती, हे कार्ड घेतानाच विचारा.

देवगडच्या शाखेत डॉलर गल्ल्यात पडून नसतात. आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवलंत तर बँक मागवून देईल, नाहीतर मुंबईत रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडून घ्या. विमानतळावर घेऊ म्हणाल तर तिथला भाव गिऱ्हाइकाची घाई बघून लावलेला असतो. नोटा हातात आल्या की काउंटर सोडायच्या आत एकेक उलटून पाहा. शिक्का, शाईची रेघ, घडीवरची बारीक चीर आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. आग्नेय आशियात त्याच कारणावरून डॉलर नाकारतात किंवा भाव पाडतात. शंभराच्या नोटेला तिथे विसाच्या नोटेपेक्षा बरा भाव मिळतो. म्हणून जास्त नोटा शंभराच्या घ्या, चार-दोन लहान. डाँग तिकडे पोचल्यावर बँकेत किंवा परवानाधारक दुकानात घ्यायचे.

आणि डाँग हातात आल्यावर खरी गंमत सुरू होते. पाच लाखांची नोट निळी आणि वीस हजारांचीही निळी. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर तेच चित्र: हो ची मिन्ह. किमतीत मात्र पंचवीस पटींचा फरक, एक साधारण सतराशे रुपयांची आणि दुसरी सत्तरच्या आतबाहेर. रात्री टॅक्सीतून उतरताना, सामान काढायच्या गडबडीत, माणूस रंग बघून नोट देतो. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि भाडं गाडीतला दिवा लावून, शून्यं मोजून द्या. ड्रायव्हर खोळंबला तर खोळंबू दे.

गुहागरच्या एक निवृत्त शिक्षिका :
सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं टूरबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटलीला जाणार आहोत. सगळे युरो, दोघांचे पासपोर्ट आणि कार्ड आमचे हे कमरेच्या पाउचमध्ये ठेवणार. 'तुला वेगळे पैसे कशाला, मी आहे ना बरोबर,' असं म्हणतात. माझं मन मानत नाही. मी उगाच काळजी करतेय का?

उत्तर :
बाई, अजिबात उगाच नाही. हे पत्र मी यजमानांना वाचून दाखवा असं म्हणणार नाही, पण अंक टीपॉयवर उघडा ठेवायला हरकत नाही.

काउंटरवर मी हे कायम बघत आले. नवरा फॉर्म भरतो, नवरा नोटा मोजतो, नवरा कार्डाचा पिन पाठ करतो, आणि बायको बाजूच्या खुर्चीवर पिशवी धरून बसलेली. फॉर्म दोघांचे, पासपोर्ट दोघांचे, परवानगीची रक्कम दोघांची, आणि हातात पैसे एकाच्याच. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो. पण पॅरिसच्या मेट्रोचं दार आपोआप मिटतं. एक आत, एक फलाटावर, आणि बाहेर राहिलेल्या माणसाजवळ हॉटेलचं नाव नाही, दोन युरो नाहीत, चालणारा फोन नाही. यजमानांना थंडीवाऱ्याने ताप आला आणि औषधाच्या दुकानात तुम्हालाच जावं लागलं तर? स्टेशनवरचं स्वच्छतागृह फुकट नसतं, युरोपात बऱ्याच ठिकाणी नाणं टाकल्याशिवाय दार उघडत नाही. त्या वेळी 'अहो, जरा सुट्टे द्या' म्हणून माणूस शोधत फिरायचं का, तेही वयाच्या साठीनंतर?

तुमचं निवृत्तिवेतन तुमच्या खात्यात येतं. त्याच खात्यावरून तुमच्या नावाचं फॉरेक्स कार्ड काढा. तुमचा अर्ज, तुमची सही, तुमचा पिन. तुमचं खातं जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असेल तर तिथलं कार्ड भारतापुरतंच असण्याचा संभव फार, म्हणून कोणत्या तरी मोठ्या बँकेत हे काम आधी उरकून घ्या. कार्डाशिवाय दोनशेक युरो आणि पन्नास-साठ स्विस फ्रँक तुमच्याजवळ हवेत. स्वित्झर्लंडमध्ये युरो चालत नाहीत असं नाही, पर्यटकांच्या दुकानात घेतात, पण भाव त्यांचा आणि सुटे परत येतात ते फ्रँकमध्ये. युरो घेताना दहा, वीस, पन्नासच्या नोटा मागा. पाचशेची नोट २०१९ पासून नव्याने काढणं बंद आहे आणि दोनशेची बघून दुकानदार कपाळाला आठ्या घालतो.

ठेवायचे कुठे? तुमच्या टेलरकडून परकराला किंवा सलवारीला आतून चोरखिसा शिवून घ्या, चेन लावून. आमच्या पिढीतल्या बायका सप्तश्रृंगीला आणि पंढरपूरला असंच जात होत्या आणि युरोपातल्या खिसेकापूला परकर हा प्रकार ठाऊक नाही. राखीव नोटा आणि दुसरं कार्ड तिथे. चहा-पाण्याचे पैसे लहान पाकिटात, पर्समध्ये, आणि पर्स पुढच्या बाजूला. चोरखिसा चारचौघांत उघडायचा नाही, हॉटेलच्या खोलीत किंवा बाथरूममध्येच.

यजमानांचा कमरेचा पाउच शर्टाच्या आतून बांधला तर ठीक. वरून बांधला तर पैसे कुठे आहेत ते चोराला शोधावं लागत नाही. आयफेल टॉवर, मोंमार्त्रच्या पायऱ्या, रोमचं तेर्मिनी स्टेशन, गर्दीची मेट्रो, इथे खिसेकापू एकटा नसतो. एकजण नकाशा विचारतो, एखादी मुलगी सहीसाठी कागद पुढे करते, कुणी मनगटाला दोरा बांधायला लागतो, आणि हात घालणारा चौथाच असतो. कुणी मनगट धरलं की हात मागे घ्या आणि चालायला लागा, उगाच शिष्टाचार नको. साध्या कपड्यातला कुणी 'पोलीस' म्हणून पाकीट तपासायला मागू लागला तर पाकीट काढायचं नाही. हॉटेलवर चला, टूर मॅनेजरला बोलावते, असं सांगायचं. खोटा पोलीस तिथेच वाट सोडतो.

पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे. दोन्ही एका पाउचमध्ये असले आणि पाउच गेला, तर दोघंही एकाच वेळी भारतीय दूतावासाच्या दारात. तिथे पोलीस तक्रारीची प्रत दाखवून परतीपुरता तात्पुरता दाखला मिळतो, पण त्यात सहलीचे दोन-तीन दिवस जातात. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स एकमेकांच्या बॅगेत ठेवा, फोटो मुलांना पाठवून ठेवा, आणि प्रत्येक हॉटेलचं कार्ड तिथे पोचल्या पोचल्या पर्समध्ये टाका.

सावंतवाडीहून एक तरुण :
मी २६ वर्षांचा. मित्रांबरोबर सिंगापूरला चाललोय. इथे वडापावसुद्धा क्यूआरवर घेतो. तिकडेही यूपीआय चालतं म्हणतात. मग रोकड आणि कार्डांचं ओझं कशाला?

उत्तर :
बाळा, चालतं, पण सगळीकडे नाही. भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, फ्रान्स इथल्या काही दुकानांत भारतीय यूपीआय घेतात. 'काही' हा शब्द नीट वाच. आयफेल टॉवरच्या तिकिटाला चालतं म्हणून समोरच्या पाववाल्याकडे चालेल असं नाही. शिवाय ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' हा पर्याय निघण्यापूर्वी स्वतः चालू करावा लागतो, आणि तो ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होतो.

कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या वापरासाठी. परदेशातला वापर, एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप करून पैसे देणं, हे सगळे खटके तुला बँकेच्या ॲपमध्ये चालू करावे लागतात, मर्यादा घालावी लागते. विमानात बसायच्या आदल्या दिवशी कर, आणि परत आलास की बंद कर. सिंगापूरच्या मेट्रोत आणि बसमध्ये टॅप चालणारं परदेशी कार्डही थेट चालतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहायला नको.

दुकानात मशीन तुला विचारेल, रुपयांत देणार की सिंगापूर डॉलरमध्ये? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडेच जातं. तिथे नेहमी तिथलंच चलन निवड. रुपये निवडलेस तर बदलण्याचं काम दुकानदाराची बँक स्वतःच्या भावाने करते आणि तो भाव तुझ्या बँकेच्या भावापेक्षा महाग पडतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. तुझ्या साध्या कार्डावर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागत असेल, तर दहा हजारांच्या खरेदीवर ४१३ रुपये जादा. कमी आकारणीची कार्डंही मिळतात, निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचं दरपत्रक वाच. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढू नकोस. त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

ओटीपी तुझ्या भारतातल्या नंबरवर येणार. सिम काढून हॉटेलच्या ड्रॉवरमध्ये टाकलंस तर ओटीपीही तिथेच पडणार. रोमिंगचं काय ते निघण्यापूर्वी ठरव. आणि फोनच हरवला तर? यूपीआय, कार्डाचं ॲप, तिकीट, हॉटेलचा पत्ता, मित्रांचे नंबर, सगळं एकदम गेलं. म्हणून एक प्लास्टिकचं कार्ड फोनच्या कव्हरमध्ये न ठेवता वेगळीकडे, शंभर सिंगापूर डॉलर रोख, आणि बँकेचा हेल्पलाइन नंबर कागदावर. मित्राच्या फोनवरून कार्ड बंद करता आलं पाहिजे. तू न केलेला व्यवहार खात्यात दिसला, आणि चूक तुझी नाही की बँकेची नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास नुकसान तुझ्यावर येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. पिन तूच कुणाला सांगितलास तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुझं. तेव्हा 'घरी जाऊन बघू' म्हणू नकोस, तिथूनच कळव.

खेड तालुक्यातले एक वाचक :
मेव्हणे शारजाला नोकरीला आहेत. आम्ही आठ दिवस त्यांच्याकडे राहायला जातोय. ते म्हणतात, दिरहम विकत घेऊ नका, इथे लागतील तेवढे मी देतो, तुम्ही तेवढे रुपये गावी माझ्या घरी पोचते करा. दोघांचाही फायदा. यात गैर काय?

उत्तर :
भाऊसाहेब, आपल्या खाडीपट्ट्यात हे इतकं अंगवळणी पडलंय की विचारणाराच विरळा. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. परदेशात राहणाऱ्याने तिकडे चलन द्यायचं आणि त्याच्या बदल्यात इथे रुपये पोचवायचे, ही अदलाबदल परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, म्हणजे १ जून २००० पासून लागू असलेल्या फेमात, बसत नाही. नातं सख्खं असलं तरी नाही. गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. वाचवणार किती, तर भावातल्या फरकाचे हजार-दीड हजार.

मेव्हण्यांनी पाहुणचार करावा, जेवू घालावं, गाडीने फिरवावं, बहिणीला दोन-चारशे दिरहम खर्चाला द्यावेत, त्यात काही अडचण नाही. अट एकच, त्याची परतफेड इथे रुपयांत ठरलेली नसावी. त्यांना गावी पैसे पाठवायचेत तर ते बँकेतून पाठवतील, त्यांना ते नेहमीचं आहे.

तुम्ही तुमच्यापुरते दिरहम इथेच घ्या. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे आधी डॉलर घेऊन तिकडे दिरहम करण्यात काही साधत नाही, दोनदा बदलाईचं नुकसान मात्र होतं. आणि एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. उरलेल्या पैशांचं सोनं आणू असा बेत असेल तर सोडा. जकातमुक्त दागिन्यांची सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांना आहे, आठ दिवसांच्या पाहुण्याला नाही.

मालवणहून, घरगुती निवास चालवणाऱ्या एक वहिनी :
गेल्या वर्षी बालीत कुटा बीचजवळ एका दुकानात शंभर डॉलर बदलले. फळ्यावर भाव सगळ्यांत चांगला होता. समोर नोटा मोजल्या, मीही मोजल्या. हॉटेलवर जाऊन बघते तर पाच लाख रुपिया कमी. असं कसं झालं? यजमान म्हणतात, 'खिशात ठेवले तर चोर नेतले, कार्डात ठेवले तर बँक कापतली.' या दिवाळीत पुन्हा कुठेतरी जायचंय म्हणून विचारते.

उत्तर :
तुम्ही मोजलंत, पण तुमच्यानंतर नोटांना हात कुणाचा लागला ते आठवा. बालीतली ही हातचलाखी जुनी आहे. शंभर डॉलरचे सोळा-सतरा लाख रुपिया होतात, म्हणजे एक लाखाच्या तांबड्या सोळा-सतरा नोटा. तिथे मुद्दाम लहान नोटा देतात, गड्ड्या लावतात, तुम्ही मोजून बरोबर म्हणालात की 'एकदा पक्कं करतो' म्हणत गड्डी परत उचलतात, टेबलावर ठोकून सारखी करतात, आणि तेवढ्यात वरच्या काही नोटा टेबलामागे पडतात. तोपर्यंत दुसरा कुणीतरी तुम्हाला विचारत असतो, इंडिया? मुंबई?

बाजारापेक्षा चढा भाव दाखवणारं, कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातलं टेबल बघितलं की पुढे चला. बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, परवाना लावलेलं, पावती छापून देणारं दुकान निवडा. पैसे लाखाच्या नोटांतच मागा. सगळ्यांत शेवटी मोजणारे हात तुमचे असले पाहिजेत, त्यानंतर नोटा थेट पाकिटात. त्याने परत हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि तो कुरकुरला तर आपले डॉलर उचलून बाहेर. डॉलर तुमच्या हातात असेपर्यंत तुम्ही बाहेर पडू शकता, म्हणून आधी त्यांच्या नोटा मोजून घ्या, मग आपली नोट द्या.

यजमानांच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, हसले मात्र खूप. बँक कापते हे खरं, पण किती कापते ते पत्रकावर छापलेलं असतं.

रत्नागिरीचे एक गृहस्थ :
मुलीच्या कुटुंबासाठी परदेशवारीचे डॉलर मी घेऊन देणार आहे. वीस टक्के कर आधीच कापतात असं ऐकलं.

उत्तर :
सगळ्यांना नाही. प्रवासासाठी घेतलेल्या परकीय चलनावर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत हा कर लागत नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे. त्यापुढच्या रकमेवर कापतात, पण तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून मिळतो. टूर कंपनीच्या पॅकेजचा हिशेब वेगळा असतो आणि त्याचे दर अर्थसंकल्पागणिक हलत आलेत, तेव्हा बिलावर कराची ओळ वाचा. एवढं मात्र करा: ज्याचा प्रवास त्याच्याच नावावर, त्याच्याच पॅनवर चलन घ्या. जावयांचे डॉलर तुमच्या नावावर नकोत.

हर्णैहून एक वाचक :
वडील बोटीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पाउंडाच्या कागदी नोटा, जर्मन मार्क, इटलीचे लिरा, थोडे जुने डॉलर आणि मूठभर नाणी निघाली. पुढच्या महिन्यात मुलीकडे लंडनला जातोय. हे पैसे खर्चाला चालतील का?

उत्तर :
दुकानात बहुतेक नाही, पण फेकूही नका. कागदी वीस आणि पन्नास पाउंडाच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर ब्रिटनमध्ये चलनातून गेल्या, पाच आणि दहाच्या त्याही आधी. दुकानदार घेणार नाही. बँक ऑफ इंग्लंड मात्र आपल्या जुन्या नोटा मुदतीविना बदलून देते, लंडनमधल्या तिच्या कार्यालयात जाऊन किंवा टपालाने. मुलीचं तिथे खातं असेल तर तिच्यामार्फत टपालाने पाठवणं सोयीचं. जर्मन मार्कांनाही अजून जीव आहे. जर्मनीची मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, एका युरोला १.९५५८३ मार्क या ठरलेल्या दराने ते आजही बदलून देते. लिरा गेले, इटलीने २०११ च्या डिसेंबरात दार बंद केलं. डॉलरची नोट कितीही जुनी असली तरी अमेरिकेत ती वैध आहे, पण मुंबईचा चलनवाला जुन्या छापाच्या नोटेला नाक मुरडतो.

जाण्यापूर्वी सगळ्या नोटांची बेरीज करा. जवळ बाळगता येणाऱ्या परदेशी नोटांची मर्यादा २,००० डॉलरइतकी आहे. त्याहून जास्त भरत असेल तर वरचं आधी बँकेत दाखवून विकून टाका. तुमच्या स्वतःच्या प्रवासातून उरतील ते पाउंडही २,००० डॉलरच्या वर असले तर परतल्यापासून १८० दिवसांत परत करायचे. नाण्यांना मर्यादा नाही, पण आपल्याकडे ती सहसा कुणी बदलून देत नाही. त्यात एक पाउंडाची पूर्ण गोल नाणी असतील तर ती लंडनला खर्चासाठी म्हणून नेऊ नका. १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात फक्त बारा कोनांचं नवं नाणं चालतं.